छातीभर हवा

आमच्या ज्ञानेश्वरीनं बापाला समुद्राखाली न्यायचं ठरवलं, आणि घरात पहिला भडका तिथंच उडाला.

समुद्रावर नव्हे, समुद्राखाली. हे ऐकून माझी भावजय छबूबाई हातातलं लाटणं तसंच धरून बसली. मी डेअरीवर सकाळचं दूध मापून नुकताच घरात टेकलो होतो. माझा स्वभाव तापट, सगळ्या गावाला माहीत आहे. मी म्हणालो, "पोरी, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? बापाचं वय काय, तू बोलतीस काय?"

ज्ञानेश्वरी माझी पुतणी. थोरल्या भावाची, म्हणजे राधाकृष्णाची, एकुलती एक लेक. संगमनेरच्या कॉलेजात शिकली, मैत्रिणींबरोबर अंदमानला सहलीला गेली आणि तिकडचीच झाली. तिथल्या एका बेटावर ती पर्यटकांच्या पाठीला हवेची टाकी बांधते, त्यांना पाण्याखाली फिरवते आणि धडधाकट वर आणून सोडते. ही नोकरी असते आणि तिचा पगारही मिळतो, हे पचवायलाच आम्हाला वेळ लागला. गावात आम्ही ती हॉटेलात मॅनेजर आहे म्हणूनच सांगत होतो. वहिनीला तर अंदमान म्हटलं की काळ्या पाण्याची शिक्षाच आठवायची. पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळतो, धंदा बंद पडतो, म्हणून ही गणपतीला घरी येते आणि नवरात्राच्या आसपास परत जाते.

यंदा तिनं येताना पाण्याखालचे व्हिडिओ आणले आणि टीव्हीला जोडून सगळ्या आळीला दाखवले. मी इतका वेळ ज्याला रंगीत दगड समजत होतो, ते जिवंत निघालं. "आबा, हे प्रवाळ. दगड न्हाई ह्यो. बारीक बारीक जीव हायेत, त्यांची वस्ती हाय ही." माझ्या बोटात गुरुजींनी सांगितलं म्हणून घातलेलं पोवळं होतं. त्या बोटावर मी गुपचूप दुसरा हात ठेवला. मग एक हिरवानिळा मासा आला, त्याला पोपटासारखी चोच. तो प्रवाळ कडाकडा चावायला लागला आणि मागून त्याच्या पांढरी वाळू पडायला लागली. बेटावरच्या ज्या पांढऱ्या वाळूत माणसं हजारो रुपये घालून लोळायला जातात, त्यातली पुष्कळशी अशी माशाच्या पोटातून येते, असं पोरीनं सांगितलं.

"अगं बाई!" शेजारची कडूबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्हंजी हागणदारीतच लोळत्यात की!"

सगळी आळी पोट धरून हसली. राधाकृष्ण मात्र हसला नाही. तो उठला, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उकिडवा बसला. पडद्यावर एक मोठं कासव संथपणे चाललं होतं आणि त्याच्या खाली स्वच्छ वाळू, तिच्यावर हलणारं ऊन. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ज्ञाने, तळ दिसतोय की गं."

या वाक्यानं मला काय झालं ते सांगायचं तर माझा भाऊ कोण हे सांगायला हवं. आमच्या भागात विहिरीत काही पडलं की राधाकृष्णाला बोलावणं येतं. मोटार पडली, घागर पडली, पाइपाच्या बुडाचा व्हॉल्व अडकला, किंवा, देव न करो, माणूस पडलं. कुठल्याही वेळी जातो, नारळाशिवाय काही घेत नाही. छाती भरून घेतो, बुडी मारतो, आणि वर येताना तळाची मूठभर माती घेऊन येतो. आमच्याकडं माती आणली नाही तर तळाला गेलो म्हणायचं नाही, हा लहान पोरांपासून सगळ्यांना लागू असलेला कायदा. पण विहिरीच्या तळाशी काळामिट्ट अंधार असतो. "जलमभर तळाला गेलो," तो त्या दिवशी म्हणाला, "पर तळ कंदी बघितला न्हाई, आबा. नुसता हातानं चाचपलाय."

इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मंग चला की अण्णा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "डिसेंबरात पानी काचंवानी असतंय. मी दावते तुमाला तळ." तेव्हापासून तिनं तोच ध्यास घेतला. बापाला संगमनेरला नेऊन हृदय तपासलं, छाती तपासली. डॉक्टर म्हणाले, छाती तिशीतल्या गड्याची आहे. विमानाची तिकिटं काढायची तेवढी राहिली.

आता राधाकृष्णानं अट घातली. दुसऱ्याच्या जिवावर आपण पाण्यात उतरणार नाही, आधी आपल्या हिरीत करून बघू. पोरीलाही ते पटलं. पुण्याला तिचा एक मित्र पोहण्याच्या तलावात हेच शिकवतो. त्याच्याकडून तिनं सामान मागवलं. दोन चष्मे, एक टाकी, आणि त्या टाकीला तोंडात धरायच्या दोन नळ्या. वहिनीनं शेवटचा प्रयत्न केला. "पितर चालू हायेत. या पंधरवड्यात ह्यांना पान्यात घालू नगा." तिचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही. पाण्याखाली बसून श्वास घेणारा भाऊ मला बघायचा होता, खोटं कशाला बोलू.

विहीर आमचीच, जुनी, दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या. पाऊस बरा झाला होता, पाच परस पाणी होतं. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. काठावर अर्धं गाव जमलं. ज्ञानेश्वरीनं टाकी पाठीला बांधली आणि बापाला घेऊन छातीइतक्या पाण्यातल्या पायरीवर उभी राहिली. तिथं तिनं त्याला शिकवायला सुरुवात केली, आणि खरं सांगतो, मास्तरीण शोभेल असं शिकवलं.

"अण्णा, एकच नियम हाय. दम धरायचा न्हाई. घ्यायचा, सोडायचा. घ्यायचा, सोडायचा. वर येताना तर मुळीच धरायचा न्हाई."

"का गं? दम धरायचा न्हाई तर बुडी कसली?"

"खाली पान्याचा दाब असतोय. तिथं घेतलेली हवा दाबून बारीक झालेली असती. तुमी वर आलाव की ती फुगती, तव्यावर भाकरी फुगती तशी. तोंड मिटलं असलं तर छाती फाटंल. तुमी नुसती बुडी मारता तवा हवा वरूनच नेता, म्हनून काय हुत न्हाई. ह्यात हुतंय."

"व्हय, व्हय," तो म्हणाला. तिनं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. त्यानं सगळं बरोबर केलं. श्वास घेतला, सोडला, बुडबुडे आले, काठावर पोरांनी टाळ्या पिटल्या. राधाकृष्ण तोंडातली नळी काढून लहान पोरासारखा हसला. मी त्याला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

मग ती दोघं खाली गेली. तिनं त्याचं मनगट धरलं होतं. हळूहळू हिरव्या पाण्यात त्यांची डोकी दिसेनाशी झाली आणि वर बुडबुड्यांचे दोन झुबके तेवढे येत राहिले. वहिनी काठावर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. काही वेळानं बुडबुड्यांचा एक झुबका थांबला.

कुणी काही बोलायच्या आत पाणी फाटलं आणि राधाकृष्ण कमरेइतका वर उसळला. चष्मा कपाळावर, नळी गायब, उजवी मूठ आभाळात. मुठीत काळी माती. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. आमचा चुलतभाऊ गोरक्ष ओरडला, "आला रं वाघ!" मीही ओरडलो. तो पोहत पायरीपर्यंत आला, वर चढला, माझ्याकडं बघून काहीतरी बोलायला गेला. शब्द आले नाहीत. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मग उजवा पाय मुडपला आणि तो पायरीवरच कोसळला. ओठांवर गुलाबी फेस होता.

आत्ताच हसणारा माणूस. आत्ताच माती दाखवणारा माणूस.

"बुडाला, बुडाला! पानी गेलं पोटात!" एकच गलका झाला. आमच्याकडं बुडालेल्याला काय करायचं ते पोराटोरांनाही पाठ असतं. पालथी घागर घ्यायची, तिच्यावर माणसाचं पोट टेकवायचं, पाय वर धरायचे आणि पाठ दाबून पाणी काढायचं. गोरक्षनं घागर आणली. आम्ही चौघांनी त्याला वर काठावर घेतलं, मी त्याचे पाय धरले.

तेवढ्यात ज्ञानेश्वरी वर आली. टाकी अंगावरून फेकून ती पायऱ्या चढत ओरडत होती, "पालथं घालू नगा! सोडा! पानी न्हाई गेलं, हवा गेलीय!"

हवा गेलीय म्हणजे काय? हवेनं कधी माणूस मेलाय? माझं डोकं फिरलं. "तूच मारलंस त्याला! हो बाजूला!" असं म्हणून मी तिला ढकललं आणि भावाचे पाय आणखी वर उचलले.

तिनं माझ्या थोबाडीत मारली.

सगळ्या गावासमोर. पुतणीनं चुलत्याच्या. आवाज विहिरीत घुमला. घागर धरणाऱ्याचे हात थांबले, कडूबाईचा आ वासलेला तसाच राहिला, आणि मी, जो डेअरीत कुणाचा चढा आवाज खपवून घेत नाही तो मी, गाल धरून उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मला वडिलांनंतर कुणी हात लावला नव्हता.

"आडवं ठेवा त्यांना," ती म्हणाली. आवाज एकदम शांत. "सरळ, पाठीवर. फुटलेल्या छातीतनं हवा रक्तात गेलीय, डोक्यात चढलीय. आक्सिजन लागंल. आत्ता."

"तुझ्या टाकीत हाय की!" कुणीतरी म्हणालं.

"तिच्यात आक्सिजन न्हाई. हवा हाय, नुसती. तुमी-आमी घेतो तीच."

हे ऐकून आम्ही पुन्हा गार. एवढी लोखंडी टाकी, एवढा थाट, आणि आत नुसती हवा! पण शमुवेल, आमच्या फाट्यावरचा वेल्डिंगवाला, धावतच सुटला होता. कोविडात त्याच्या आईला कुठं खाट मिळाली नाही, तेव्हा त्यानं दुकानातल्या वेल्डिंगच्या ऑक्सिजनवर तिला घरीच जगवलं होतं. मास्क त्यानं टाकून दिला नव्हता. दुकानाच्या टेम्पोत ऑक्सिजनची टाकी घालून तो येईपर्यंत ज्ञानेश्वरी बापाच्या तोंडाशी तोंड नेऊन एकच बोलत होती, "सोडा अण्णा, श्वास सोडा. घ्या, सोडा." तो तिच्याकडं बघत होता, पण त्याला बोलता येत नव्हतं.

त्याच टेम्पोतून संगमनेर, तिथून अँब्युलन्सनं पुणे. संगमनेरच्या डॉक्टरांनी पोरीचं नीट ऐकून घेतलं आणि पुण्यात फोन लावला. असल्या माणसाला ठेवायची एक खोली असते, ती तिकडं होती. रस्ताभर वहिनी त्याचे तळवे चोळत होती. मी मात्र बोलत होतो. भावाला शिव्या देत होतो. काय मिजास! पोरगी घसा फोडून सांगते दम धरू नको, आणि हा पठ्ठ्या चारचौघांत छाती दाखवायला नळी थुंकून वर येतो. सगळं आयुष्य त्या छातीचं कौतुक ऐकण्यात गेलं, दुसरं काय होणार! ज्ञानेश्वरी त्याच्या तोंडावरचा मास्क धरून बसली होती. "आबा, बास करा," एवढंच ती म्हणाली. "त्यांनी दम धरला, हे मला पन कळतंय. मनगट माझ्याच हातातनं सुटलं."

पुण्यातली ती खोली म्हणजे दुधाचा टँकर चाकांवरून उतरवून ठेवावा तसली लोखंडी टाकी होती. तिला जाड काचेची गोल खिडकी. आत हवा दाबून भरतात, मग आतल्या माणसाला खोल पाण्यात असल्यासारखा दाब बसतो आणि रक्तातले बुडबुडे बारीक होऊन विरतात. म्हणजे त्याला पुन्हा पाण्याखाली न्यायचं, फक्त पाण्याशिवाय. मला हे सगळं भुताटकीसारखं वाटलं. ज्ञानेश्वरीनं हट्ट धरला आणि डॉक्टरांनी तिला बरोबर आत बसू दिलं. मी काचेतून बघत होतो. बाप आडवा, लेक त्याच्या उशाशी, आणि दर थोड्या वेळानं ती हातानं खूण करून त्याला सांगायची, घ्या, सोडा.

रोज थोडा थोडा वेळ, असं बरेच दिवस चाललं. पाय हलायला लागला. चेहरा थोडाफार सरळ झाला. उजवा हात मात्र लुळाच राहिला, आणि बोलणं परत येईल की नाही ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. एक गोष्ट त्यांनी ठामपणे सांगितली. या माणसानं आता पुन्हा पाण्याखाली जायचं नाही. समुद्रात नाही, विहिरीतही नाही, कधीच नाही.

"मी सांगते त्यांना," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मीच सांगायला पायजे." मी तिच्याबरोबर गेलो. खरं तर मलाही त्याला चार शब्द सुनवायचे होते. जीव वाचला होता, आता माझा राग मोकळा होता.

राधाकृष्ण उशीला टेकून बसला होता. वहिनी त्याला चमच्यानं पेज भरवत होती. लेकीला बघून त्यानं चमचा डाव्या हातानं बाजूला केला. ओठ हलले. एकदा, दोनदा. मग घसा खरवडल्यासारखा आवाज आला.

"तुला... पुरली का?"

इतक्या दिवसांनी बोलला! वहिनीच्या हातातली वाटी कलंडली. ज्ञानेश्वरी खाटेजवळ बसली. "काय पुरली, अण्णा?"

"हवा."

तिला कळेना. मलाही कळेना. तो थांबत थांबत, एकेक शब्द ओढून काढत बोलला. खाली गेल्यावर तिच्या तोंडातून भसाभसा बुडबुडे वर जाताना त्यानं बघितले. आपल्याही तोंडातून जाताना बघितले. एवढी हवा घ्यायची, आणि सगळी वर सोडून द्यायची. टाकी एकच, माणसं दोन, आणि वर पाच परस पाणी. "म्हटलं... हितं मी निम्मी पिऊन बसलो... तर पोरीला वर यायला ऱ्हायची न्हाई." आपल्याला तर दम धरता येतो. आपल्याला कशाला लागते? "छातीभर घेतली... नळी सोडली... आन तुझा हात सोडवला. वर येस्तवर... एक बुडबुडा जाऊ दिला न्हाई."

आणि तो हसला. अर्ध्या चेहऱ्यानं, पण चांगला हसला.

मला कुणीतरी पुन्हा थोबाडीत मारल्यासारखं झालं. मिजास! टेम्पोत, अँब्युलन्समध्ये, दवाखान्याच्या पायरीवर मी त्याला मिजासखोर म्हटलं होतं, वहिनीच्या देखत म्हटलं होतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं.

विहिरीतली ती हवेची टाकी आम्ही टेम्पोत घालूनच नेली होती, आणि ज्ञानेश्वरीनं तिचा काटा नंतर बघितला होता, हे मला माहीत होतं. निम्म्याहून जास्त भरलेली होती. दोघांना पुरून उरली असती. दोघं तळाशी बसून गप्पा मारत बसली असती तरी उरली असती. मी तिच्याकडं बघत होतो. ही आता सांगणार. खरं तेच बोलणारी पोरगी आहे ही, चुलत्यालासुद्धा सोडत नाही.

"पुरली का?" त्यानं पुन्हा विचारलं, आता जरा काळजीनं.

"पुरली, अण्णा," ती म्हणाली. "वर येस्तवर बरोब्बर पुरली. तुमी घेतली असती तर मी आलेच नसते."

त्यानं डोळे मिटले. "मंग झालं," तो म्हणाला, आणि डावा हात तिच्या डोक्यावर ठेवून तसाच झोपी गेला. ती मान खाली घालून त्या हाताखाली बसून राहिली. डॉक्टरांचा निरोप त्या दिवशी कुणीच सांगितला नाही.